म्यानाचे टोक की बैलाची शेंबी?

यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याला लागले की चक्रावती नदीकाठी कळंब हे गाव येते. आज त्याची ओळख चिंतामणीच्या देवळामुळे आहे. जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावे लागणारे ते देऊळ आणि तेथील कुंडाचे पाणी यांविषयी विदर्भात बहुतेकांनी ऐकलेले असते. चारशे वर्षांपूर्वी मात्र कळंबचे नाव वेगळ्याच कारणाने मोगल दप्तरात नोंदले गेले. १५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून वऱ्हाड अकबराकडे आले आणि अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त या नव्या सुभ्याची माहिती दिली. सुभ्याची सरकारे सोळा आणि त्यांपैकी एक कळंब. हे जुने व महत्त्वाचे शहर असून म्हशींसाठी प्रसिद्ध आहे, असे तो सांगतो. म्हशींची ही कीर्ती वाचून आम्हांला गंमत वाटली. पण त्याचे पुढचे वाक्य आमच्या विषयाचे आहे. कळंबच्या शेजारी चांद्याचा गोंड जमीनदार बाबजी नांदत होता आणि त्याच्या पदरी १,००० घोडेस्वार व ४०,००० पायदळ होते.

या आकड्यात अतिशयोक्ती असेल असे गृहीत धरले, तरी ज्या मुलखात इमादशाही, निजामशाही, मोगल, गोंड आणि पुढे नागपूरकर भोसले यांची पथके तीनशे वर्षे ये-जा करीत होती, तेथील शेताबांधांवर त्यांच्या अंगावरचे काहीतरी गळून पडले असणारच. तलवारी राहिल्या नाहीत, कारण लोखंड फुकट टाकण्याची आपली रीत नाही. मोडक्या पात्याचा विळा होतो, विळ्याचे खुरपे होते आणि शेवटी खुरप्याचा खिळा होतो. जे जमिनीत पडले ते गंजून गेले. टिकून राहते ते तांब्यापितळेचे बारकेसारके, बोटाच्या पेराएवढे काम: म्यानाच्या टोकाची टोपी, पट्ट्याचे बकल, चामड्यावर ठोकलेले फूल, घोड्याच्या सरंजामातले एखादे पदक. वखराच्या फासेला अडकून ते वर येते, हिरवेगार झालेले असते, नक्षी अर्धी पुसलेली असते. सापडणारा ते खिशात घालतो आणि संध्याकाळी पारावर त्याचे नाव ठरते. ते नाव बहुधा फार मोठे असते. टोकदार पितळ दिसले की कुणा राजाची तलवार आणि चौकोनी फुली दिसली की फिरंगी पाद्री. अशी वस्तू खरोखर ओळखायची कशी, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. नाव चुकले तर वस्तू तर हातची जातेच, शिवाय गावाच्या इतिहासात एक खोटे पान चिकटते आणि मग ते निघता निघत नाही.

या विषयाचा सर्वांत सखोल अभ्यास युरोपात झाला आहे. लंडनच्या संग्रहालयासाठी जे. बी. वॉर्ड पर्किन्स यांनी १९४० मध्ये मध्ययुगीन वस्तूंची सूची प्रसिद्ध केली. तीत म्यानाच्या टोप्या, बकले, पट्ट्याची टोके यांचे आकारानुसार वर्ग पाडून दाखवले होते. पुढे थेम्स नदीच्या काठावर उत्खनने झाली. तेथील ओल्या चिखलात पितळेबरोबर चामडेही शाबूत राहिले होते. धक्क्याच्या लाकडी तुळयांची वयोवर्तुळे मोजून थरांची वर्षे ठरवता आली आणि त्यामुळे कोणत्या घाटाचे बकल कोणत्या पिढीचे हे बऱ्याच खात्रीने सांगता येऊ लागले. १९९१ मध्ये पोशाखाच्या या साहित्यावर स्वतंत्र ग्रंथच निघाला. १९९७ पासून इंग्लंडमध्ये शेतात सापडलेल्या वस्तू नोंदवून घेण्याची एक राष्ट्रीय योजनाही आहे. तिच्यात १० लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. तेव्हा हातात एखादा अनोळखी तुकडा आला की ही चित्रे चाळावीत आणि जे जुळेल ते नाव द्यावे, असा मोह साहजिक आहे. आमच्या मते इथेच पहिली ठेच लागते.

कारण साधे आहे. मध्ययुगीन युरोपातला मनुष्य, मग तो शेतकरी असो की सरदार, कमरेला चामडी पट्टा बांधी. पट्ट्याला बकल, टोकाला धातूचे पान, वर शोभेची फुले, बाजूला लटकवलेली थैली आणि सुरी. त्यामुळे लंडनच्या चिखलात पोशाखाचे धातू खच्चून भरलेले आहे. दख्खनचा पोशाख बंदांचा होता. बाराबंदी या नावातच तिची रचना सांगितली आहे: बारा बंद, गाठी मारून बांधायचे. मोगल दरबारातही तेच. अबुल फजल 'तकौचिया' नावाच्या अंगरख्याचे वर्णन करताना सांगतो की तो पूर्वी डाव्या बाजूस बांधीत, बादशहाने उजव्या बाजूस बांधण्याचा प्रघात पाडला. बादशहाचा अंगरखासुद्धा बांधायचाच! कमरेला शेला, त्यात खोवलेली कट्यार. दख्खनी चित्रांतले सरदार पाहावेत: मोत्यांच्या माळा आहेत, तुरे आहेत, पण कपड्याला बकल नाही. स्त्रियांचा चांदीचा कमरपट्टा हा काय तो धातूच्या कळीने बसणारा दागिना, आणि तो कुणी शेतात हरवू देत नाही. हरवलाच तर सारे घर कंदील घेऊन शोधायला निघते.

म्हणून कळंबच्या शिवारातला पट्ट्याचा तुकडा आणि इंग्लंडच्या शेतातला पट्ट्याचा तुकडा दिसायला सारखे असले तरी त्यांचा अर्थ सारखा नाही. तेथे तो कुणाही सामान्य माणसाचा असू शकतो. येथे तो तलवारीच्या पडदळ्याचा किंवा घोड्याच्या सामानाचा असण्याचीच शक्यता फार मोठी, म्हणजे शिपाईगिरीचा. वस्तू ओळखण्याआधी त्या मुलखाचा माणूस काय नेसत होता आणि काय बांधत होता, हे माहीत हवे.

आणि माणसाआधी बैलाची चौकशी करावी, असे आम्ही सुचवू. विदर्भात पोळ्याचा सण पाहिलेल्या वाचकांना हे लगेच पटेल. शिंगांना रंग, बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा आणि शिंगांच्या टोकांवर पितळी शेंब्या. शेंबी म्हणजे निमुळती पोकळ टोपी, वर कधी मणी, कधी कळस, कडेला रेघांची नक्षी आणि शिंगावर पक्की बसावी म्हणून बारीक छिद्र. आता म्यानाच्या टोकाची टोपी डोळ्यांसमोर आणावी: निमुळती, पोकळ, खाली मणी, कडेला नक्षी, बारीक छिद्र! फारसी-हिंदीत हिला तहनाल म्हणतात, आणि म्यानाच्या तोंडाशी बसणाऱ्या तुकड्याला मुहनाल. या दोन वस्तू मातीतून चेपून, हिरव्या होऊन बाहेर आल्या तर जाणत्याचीही फसगत व्हावी. भर म्हणजे काठीच्या आणि भाल्याच्या बुडालाही शेंबी असतेच. दर पोळ्याला गावोगाव शेकडो बैल सजत आले आहेत; शिपायांची पथके कधीमधी गेली. नुसत्या हिशेबानेच पाहिले तर पारड्यात बैलाचे माप जड आहे.

मग फरक कळतो कशाने? नक्षीने नाही. फरक कळतो पोकळीच्या आकाराने. शिंग गोल असते, काठी गोल असते. त्यांची टोपी आतून गोल. म्यान चपटे असते. लाकडाच्या दोन पातळ फळ्या एकमेकींवर ठेवून, मध्ये पात्यापुरती जागा कोरून, वर चामडे किंवा मखमल चढवून ते बनवतात. त्यामुळे त्याच्या टोपीचे तोंड मसुराच्या दाण्याला उभे कापल्यासारखे दिसते: मधे फुगीर, दोन्ही कडांना निमुळते. वाकड्या तलवारीचे म्यान असेल तर टोपीच्या दोन्ही कडा सारख्या नसतात, एक किंचित अधिक वळलेली असते. कट्यारीचे म्यान रुंद व त्रिकोणी असल्याने तिची टोपी आखूड आणि पसरट. तुकडा चेपला असेल तर पाठीमागची सांधेजोड पाहावी. म्यानावरची टोपी बहुधा पत्र्याची घडून मागच्या अंगाला जोडलेली असते, आणि अंगाकडची ती बाजू साधी ठेवून नक्षी पुढच्याच बाजूला करतात. शिंगावरची शेंबी चहूबाजूंनी दिसायची असते, म्हणून तिची नक्षी गोल फिरून येते. सापडलेल्या वस्तूची सुंदर बाजू सर्वजण पाहतात. कारागीर मात्र आपला सगळा कबुलीजबाब मागल्या बाजूवर लिहून ठेवतो.

पत्र्याचे दोन तुकडे समोरासमोर आणि मधून रिव्हेट गेलेला असेल, तर त्यांच्या मध्ये चामडे होते. रिव्हेटच्या मोकळ्या लांबीवरून ते चामडे किती जाड होते हे मोजता येते. एका टोकाला बिजागरी आणि दुसऱ्या टोकाला लहानसा आकडा असेल तर पट्ट्याचा विचार सोडून पुस्तकाचा विचार करावा. आमच्या जुन्या चर्चमधल्या लॅटिन मिस्साग्रंथांच्या चामडी पुठ्ठ्यांना अशा पितळी आकड्या असत. वाचकांपैकी ज्यांनी लहानपणी वेदीवर सेवा केली आहे त्यांना तो ग्रंथ बंद करतानाचा 'टक्' असा आवाज आठवत असेल. युरोपात मठांच्या अवशेषांत या आकड्या पुष्कळ सापडतात आणि त्यांना पट्ट्याची टोके समजण्याची चूक तिकडेही होते.

मात्र आकारापेक्षाही मोठा पुरावा एक आहे, तो म्हणजे वस्तू कुठे आणि कशी पडली होती हा. याचे उत्तम उदाहरण आपल्या विदर्भातच आहे, जरी ते मध्ययुगाच्या कितीतरी आधीचे आहे. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी १९७०-७२ या काळात बृहदश्मयुगीन शिलावर्तुळे खणली. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातली ही दफने. त्यांत तांब्याच्या पातळ पत्र्याचे आणि लोखंडी गुंड्या बसवलेले साज मिळाले. असा एखादा साज सुटा, शेतात, वखराखाली मिळाला असता तर विद्वानांनी त्याला काय म्हटले असते? छातीवरचे पदक, ढालीचे फूल, पेटीची पट्टी. प्रत्येकाला काही ना काही आधार दाखवता आला असता. पण दफनांत घोड्यांचेही अवशेष होते, तोंडातले लोखंडी लगाम होते, आणि साज घोड्याच्या मस्तकाशी होता. चामडे केव्हाच मातीत मिळून गेले होते, तरी वस्तूने आपली जागा सोडली नव्हती. त्या जागेने तिचे नाव सांगितले: घोड्याच्या चेहऱ्यावरचा अलंकार. उत्खनन करणारे लोक मातीचा एकेक थर कुंचल्याने का झाडतात, हे ज्यांना वेळेचा अपव्यय वाटते त्यांनी या घोड्याचा विचार करावा.

दुर्दैवाने कळंबच्या शेतकऱ्याला खोलीचा पुरावा फारसा उपयोगी पडत नाही. वऱ्हाडची काळी माती चैत्र-वैशाखात भेगाळते, त्या भेगांत हात जाईल इतकी. लहान वस्तू भेगेतून खाली घसरते, पावसाळ्यात माती फुगून मिटते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उलटीपालटी होते. म्हणून परवाचे नाणे हातभर खाली आणि चारशे वर्षांपूर्वीचे बकल वर, असे येथे घडू शकते. 'इतक्या खोलीवर सापडले म्हणजे इतके जुने' हे अनुमान कापसाच्या जमिनीत चालत नाही. पण कोणते शेत, बांधापासून किती दूर, जवळ जुन्या विटा किंवा खापरे दिसतात काय, ही माहिती मात्र चालते, आणि ती फक्त सापडणाऱ्याजवळच असते.

आता नक्षीकडे येऊ, आणि तिच्यातही आमच्या वाचकांना जवळच्या वाटणाऱ्या चिन्हाकडे. समजा, तुकड्यावर क्रूस आहे. वऱ्हाडात कोणी ख्रिस्ती शिपाई आला होता काय? मन लगेच हो म्हणते. पण चार पाकळ्यांचे फूल, चौफुला, चार कोपरे जोडणाऱ्या रेघा हे साऱ्या जगातल्या कारागिरांचे पहिले पाठ आहेत. पाकळ्या झिजल्या की राहतो तो क्रूसच. उभी रेघ आडवीपेक्षा मुद्दाम लांब आहे काय, खाली पायरी किंवा टेकडी काढली आहे काय, सोबत अक्षरे आहेत काय, हे पाहिल्याशिवाय त्यावर श्रद्धेचा भार टाकू नये.

आणि अक्षरे असली तरी? येशूच्या ग्रीक नावातल्या पहिल्या तीन अक्षरांपासून आलेले आय. एच. एस. हे चिन्ह आपल्या वेद्यांवर, वस्त्रांवर आपण रोज पाहतो. पंधराव्या शतकात युरोपात ते पट्ट्यांच्या टोकांवरही कोरीत, संरक्षण मिळावे म्हणून. हेच चिन्ह कोल्हापूरच्या छत्रपतींच्या एका तलवारीवर आहे. 'जगदंबा' या नावाने ओळखली जाणारी ही तलवार १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सना भेट म्हणून गेली आणि इंग्लंडच्या राजसंग्रहात दाखल झाली. परंपरा तिचा संबंध शिवाजी महाराजांशी जोडते. तिचे पाते युरोपीय आहे आणि त्यावर ही तीन अक्षरे तीन वेळा उमटवलेली आहेत. मूठ मात्र रत्नजडित, एतद्देशीय. अशा पात्यांना मराठी मुलखात 'फिरंग' म्हणत. ती विकत घेतली जात, लढाईत मिळत, नजराणा म्हणून येत, आणि इथले कारागीर त्यांना इथली मूठ व इथले म्यान चढवीत. येशूचे नाव कोरलेल्या पात्याच्या म्यानाला कमळाच्या पाकळ्यांची टोपी असणे ही सतराव्या शतकातली अगदी सामान्य गोष्ट होती. त्या एका हत्याराचे तीन तुकडे तीन शेतांत सापडले तर तीन निरनिराळ्या जमाती त्यांच्यावर हक्क सांगतील! १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर तेथील चर्चच्या घंटा नाशिकपासून भीमाशंकरपर्यंत देवळांत गेल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. घंटेवरची अक्षरे ती कुणी ओतली ते सांगतात. ती आज कुठे आणि कुणासाठी वाजते, हे त्यांना विचारून कळत नाही.

नक्षीवरून काळ काढायचा झाला तर थोडी मदत मिळते. मुळासकट, देठापानांसह एकटे उभे असलेले फूल ही मोगल कारागिरीची खूण १६२० च्या जहांगीराच्या काश्मीर भेटीनंतर पसरली. तेव्हा असे फूल असलेला तुकडा अबुल फजलच्या कळंबचा नव्हे, त्याच्या नातवंडांच्या काळचा किंवा आणखी अलीकडचा. लोखंडी तुकड्यावर भिंगातून जाळीसारखे आडवेउभे सूक्ष्म ओरखडे दिसले तर ती कोफ्तगरी: पृष्ठभाग असा खरवडून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवीत. सोने गेले तरी खरवड राहते. ती घासकाम करणाऱ्याला घाण वाटते आणि जाणकाराला ठेवा.

धातूच्या परीक्षेतही युरोपचा नियम येथे जसाच्या तसा लागू करू नये. युरोपात जस्त वेगळे काढण्याची भट्टी ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये साधली. त्याआधीचे पितळ खनिजासह तांबे तापवून केले जाई आणि त्यात जस्ताचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या वर जात नसे. म्हणून तिकडे जस्त जास्त निघाले की वस्तू अलीकडची ठरवतात. आपल्याकडे उदयपूरजवळच्या झावर येथे चौदाव्या शतकात जस्ताच्या भट्ट्या मोठ्या प्रमाणावर पेटलेल्या होत्या. त्यामुळे जस्त पुष्कळ असलेला तुकडा येथे जुनाही असू शकतो. लंडनच्या कोष्टकाने पाहिले तर आपली खरी वस्तू खोटी ठरायची.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा कलेक्टरांना लेखी कळवावा लागतो. काय सापडले, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे त्यात यावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि खासगीरीत्या त्या परदेशी पाठवता येत नाहीत. तुलनेसाठी कुणाला मोठी हत्यारे पाहायची असतील तर नागपूरचे १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडचा अजब बंगला, फार दूर नाही. तेथे गेल्यावर पात्यांसमोर उभे राहण्याआधी म्यानांची टोके पाहावीत.

मात्र हे सारे होईपर्यंत वस्तू धुऊ नये. आपल्या घरांत पितळ दिसले की चिंच, लिंबू, राख यांच्याकडे हात जातो, आणि गृहिणीचा त्यात दोष नाही. पितळ लखलखीत ठेवणे हाच तिचा वर्षानुवर्षांचा धर्म. पण तांब्याच्या क्षारांत एक गुण असा आहे की त्यांच्या सान्निध्यात जंतू वाढत नाहीत. म्हणून जेथे लाकूड, चामडे, सूत केव्हाच कुजून गेले असते तेथे हिरव्या गंजाला लागून त्यांचे काही तंतू शिल्लक राहतात. टोपीच्या तळाशी, जेथे बोट पोहोचत नाही, तेथे मातीच्या गोळ्यात म्यानाच्या फळीची काडीएवढी ढलपी अडकलेली असू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली ती कोणत्या झाडाची हे कळते. वर चामडे होते की मखमल, हे दोन धाग्यांवरून कळते. आणि शिंगाचा एखादा पापुद्रा निघाला, तर तो पोळ्याचा बैल होता हेही कळते. तोवर तो मातीचा गोळा जसा आहे तसाच साध्या कागदात गुंडाळावा आणि कागदावर शेताचा गट नंबर लिहून ठेवावा.